फायबर बिल्डिंगपर्यंत, तांबं घरापर्यंत: इंटरनेटच्या शेवटच्या टप्प्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेट मंद आहे म्हणून लोक मोठा प्लॅन घेतात, महागडा राउटर आणतात, आणि स्पीड तिथल्या तिथेच राहतो. बहुतेक वेळा दोष शेवटच्या काही मीटरमधल्या तारेत असतो. तिच्याबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या घरी आलेलं कनेक्शन खरंच फायबर आहे का, हे कसं ओळखायचं?

बाहेरून घरात शिरणारी केबल पाहा. ती बारीक, चपटी, काळी किंवा पांढरी असेल आणि तिच्या टोकाचा हिरवा चौकोनी कनेक्टर डब्यात जात असेल, तर ते फायबर, म्हणजे प्रकाश नेणारी काचेची बारीक तार. त्या डब्याला ओएनटी म्हणतात, तो प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो, आणि त्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. टोकाला आठ पिनांची पारदर्शक क्लिप असेल तर ती लॅन केबल, म्हणजे तांबे. फिरवून बसवायचा गोल कनेक्टर असेल तर टीव्हीची कोॲक्शियल केबल, तीही तांब्याचीच. दोन तारांची छोटी क्लिप असेल तर टेलिफोनची जोडी.

एक फसवा प्रकार असतो. ओएनटी जिन्यात किंवा मीटर रूममध्ये बसवतात आणि तिथून लॅन केबल घरात आणतात. अशा वेळी तुमच्या घरापुरता शेवटचा टप्पा तांब्याचा आहे.

२. मग जाहिरातीत सगळेच 'फायबर' का लिहितात?

कारण कुठेतरी फायबर असतेच. ते कुठे संपते, हा खरा प्रश्न आहे. रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत फायबर आणि पुढे टेलिफोनची तार, याला एफटीटीएन किंवा एफटीटीसी म्हणतात. बिल्डिंगच्या तळापर्यंत फायबर आणि पुढे लॅन केबल, हे एफटीटीबी. थेट फ्लॅटमध्ये फायबर, हे एफटीटीएच. कनेक्शन घेताना एवढेच विचारा: 'फायबर कुठे संपतं, आणि तिथून माझ्या राउटरपर्यंत किती मीटर काय वायर आहे?' उत्तर देता येत नसेल तर बसवायला येणाऱ्या माणसाला फोन लावून द्यायला सांगा. त्याला नक्की माहीत असते.

३. तांब्यात अडचण काय आहे? वीज तर त्यातूनही झटकन जाते.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि तांब्यातला सिग्नलही जवळपास तितक्याच वेगाने जातो. फरक धावण्याच्या वेगात नाही. फरक आहे तो एका वेळी किती माहिती जाते आणि ती किती अंतरावर क्षीण होते यात.

जास्त माहिती पाठवायची तर जास्त वारंवारता वापरावी लागते, आणि तांब्यात वारंवारता वाढली की सिग्नल झपाट्याने मरतो. टेलिफोनच्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या जोडीत १ मेगाहर्ट्झचा सिग्नल एका किलोमीटरमध्ये २० डीबीहून (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचे एकक) जास्त घटतो. म्हणजे शंभरातला एक भागही उरत नाही. सिंगल-मोड फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरला ०.२ डीबीच्या आसपास असते. १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

दुसरे कारण क्रॉसटॉक. एका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या शेजारीशेजारी असतात आणि एकीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. त्या केबलवर ग्राहक वाढले की प्रत्येकाचा स्पीड थोडा उतरतो. कोणाचीही तार तुटलेली नसताना हे घडते.

४. टेलिफोनच्या तारेवर जास्तीत जास्त किती स्पीड मिळू शकतो?

ते पूर्णपणे अंतरावर आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या तंत्रांना डीएसएल म्हणतात. त्यातले एडीएसएल सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जाते आणि ८ एमबीपीएस देते. एडीएसएल२+ ने ही मर्यादा २.२ मेगाहर्ट्झवर नेली. त्याचा कागदावरचा आकडा २४ एमबीपीएस, पण तो टेलिफोन एक्स्चेंजपासून साधारण एका किलोमीटरच्या आत. ३ किलोमीटरवर ८ एमबीपीएस मिळाले तर तार उत्तम आहे असे समजा, आणि ५ किलोमीटरवर एक-दोन एमबीपीएसवर समाधान मानावे लागते. व्हीडीएसएल२ १७ किंवा ३० मेगाहर्ट्झ वापरते. पहिल्या तीन-चारशे मीटरांत त्यावर १०० एमबीपीएसच्या आसपास मिळतात, पण एका किलोमीटरपुढे त्याचा फायदा जवळजवळ संपतो. जी.फास्ट १०६ किंवा २१२ मेगाहर्ट्झवर जाते आणि १ जीबीपीएसच्या जवळ पोहोचते, मात्र तार १०० मीटरहून लांब नको.

तांब्यावरचे प्रत्येक नवे तंत्र फायबर घराच्या आणखी जवळ आणायला लावते. कॅबिनेट घरापासून ५० मीटरवर आणायचेच असेल तर उरलेले ५० मीटर तांब्याचे ठेवण्यात शहाणपण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. शेजाऱ्याचं डीएसएल नीट चालतं, माझं नाही. एक्स्चेंज तर एकच आहे.

नकाशावरचे अंतर इथे उपयोगाचे नाही. तार एक्स्चेंजमधून पिलरला (रस्त्यावरची जोडपेटी), पिलरवरून डीपीला (घराजवळची छोटी जोडपेटी) आणि डीपीवरून घरी येते. शेजाऱ्याची जोडी वेगळ्या पिलरवरून आलेली असू शकते. मोडेमच्या पानावर दोन आकडे पाहा. लाइन ॲटेन्युएशन (तारेतली घट) २०-३० डीबी असेल तर उत्तम, ६० च्या पुढे असेल तर तार फार लांब आहे. एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली मोकळीक) ६ डीबीच्या खाली गेले की लाइन वारंवार तुटते.

मग घरातले तपासा. फोन, पॅरलल एक्स्टेन्शन, जुना फॅक्स, सगळे काढा आणि मोडेम घरात येणाऱ्या पहिल्या पेटीला थेट लावा. आकडे सुधारले तर दोष घरातल्या वायरिंगचा. पॅरलल एक्स्टेन्शनची वायर मोकळी लोंबत असेल तर तिच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलला काही वारंवारतांवर खाऊन टाकतो. फोन काढून ठेवून भागत नाही, ती वायरच पेटीतून सोडवा. फोन ठेवायचा असेल तर त्याच्या आधी फिल्टर हवाच.

६. पावसाळ्यातच लाइन का बिघडते?

तांब्याच्या केबलमध्ये पाणी शिरले की दोन तारांमधले इन्सुलेशन कमकुवत होते. फोनवर खरखर ऐकू येते आणि डीएसएल तुटते. जेली भरलेल्या केबल पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, पण जॉइंट हा कच्चा दुवा असतो. डीपीचे झाकण उघडे राहिले की स्क्रूवर हिरवा गंज चढतो. तो खरवडून टोक नव्याने कापून बसवले की पुष्कळदा लाइन सुधारते.

फायबरला ओलाव्याने असा त्रास होत नाही. त्याला पावसाळ्यात मारतात पडलेल्या फांद्या, खचलेले चर आणि वीज गेल्याने बंद पडलेली मधली उपकरणे.

विजा हा वेगळा मुद्दा. काचेतून विजेचा लोट येत नाही. पण खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असेल तर ती वीज वाहते, म्हणून ती भिंतीबाहेरच हुकला अडकवून कापावी, डब्यापर्यंत आणू नये. कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोन इमारतींमध्ये गच्चीवरून लॅन केबल टाकणे म्हणजे दोन्ही टोकांचे पोर्ट जाळून घेण्याची तयारी.

७. आमच्याकडे बिल्डिंगच्या स्विचपासून लॅन केबल आली आहे. हे वाईट आहे का?

नीट केले असेल तर अजिबात नाही. चांगली कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. कॅट-६ तेवढ्याच अंतरावर तेच करते, आणि ५५ मीटरच्या आत १० जीबीपीएसही पेलते. टेलिफोनच्या जोडीशी हिची तुलना करू नका.

घोळ होतो तो चार ठिकाणी. पहिला, १०० मीटरची मर्यादा. जिन्यातून, डक्टमधून वळसे घेत आलेली केबल सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सहज ९० मीटर होते, वर मध्ये कुठेतरी कपलर लावून जोड दिलेला असतो. दुसरा, केबलचा दर्जा (प्रश्न ९). तिसरा, मीटर रूममधला स्विच. तो १०० एमबीपीएसचा असेल तर वरचा कोणताही प्लॅन व्यर्थ (प्रश्न ८), आणि त्याला बॅटरी नसेल तर घरात इन्व्हर्टर असूनही वीज गेली की इंटरनेट जाते. चौथा, गच्चीवरून खाली सोडलेली घरातल्या वापराची केबल. उन्हाने तिचे आवरण दोन-तीन वर्षांत तडकते, पाणी आत उतरते आणि उताराने थेट तुमच्या राउटरच्या पोर्टमध्ये येते. बाहेरून केबल आणायचीच असेल तर काळ्या आवरणाची बाहेरच्या वापराची घ्या आणि भिंतीत शिरण्याआधी खाली झुकता फास ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

८. प्लॅन ३०० चा आहे, पण स्पीड बरोबर ९४-९५ वर अडकतो. असं का?

हा आकडाच निदान आहे. दोन उपकरणांमधली जोडणी १०० एमबीपीएसवर बसली आहे आणि हेडर वगैरे वजा जाऊन ९४-९५ उरतात. १ जीबीपीएसला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एक तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही की उपकरणे गुपचूप खालच्या वेगावर येतात. इंटरनेट चालू राहते, म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

राउटरच्या पानावर वॅन पोर्टचा (बाहेरून आलेली केबल लागते तो) लिंक स्पीड पाहा. १०० दिसला तर आधी केबल काढून घट्ट बसवा. मग दोन्ही टोकांच्या क्लिप नव्याने क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा). क्रम दोन्हीकडे तोच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तरीही १०० असेल तर राउटरचा किंवा खालच्या स्विचचा पोर्टच तेवढा आहे का ते तपासा. स्वस्त राउटरमध्ये वाय-फायचा आकडा मोठा छापलेला असतो आणि पोर्ट मात्र १०० चे असतात. काही ठिकाणी एकाच केबलच्या दोन-दोन जोड्या वेगळ्या करून दोन फ्लॅटना दिलेल्या आढळतात. तिथे १०० च्या वर जाणे अशक्य, नवी केबलच ओढावी लागेल.

९. सीसीए केबल म्हणजे काय, आणि ती कशी ओळखायची?

आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. बाजारात ती कॅट-६ म्हणून सर्रास विकली जाते. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा दीडपटीच्या आसपास असतो, ती लवकर मोडते आणि क्रिंप केलेल्या ठिकाणी काही महिन्यांत संपर्क सैल होतो. २० मीटरवर चालणारी केबल ७० मीटरवर दगा देते. तिच्यातून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर व्होल्टेज घसरते आणि केबल तापते.

ब्लेडने एक तार खरवडा. आतून चंदेरी दिसली तर सीसीए. ३०५ मीटरची पेटी उचलूनही कळते, शुद्ध तांब्याची पेटी लक्षणीय जड असते. भिंतीत कायमची टाकायची केबल सीसीए कधीच घेऊ नका. केबलमध्ये वाचवलेले पैसे प्लास्टर फोडण्यात जातात.

१०. ओएनटीवर लाल 'लॉस' दिवा लुकलुकतोय. लाइनमन यायच्या आधी काय करू?

लाल दिवा म्हणजे डब्यापर्यंत प्रकाश येत नाही. डबा रिसेट करून काहीही होणार नाही. उलट रिसेटच्या छिद्रात काडी घातलीत तर सेटिंग जाईल आणि काम वाढेल. हिरवा कनेक्टर पूर्ण आत बसून 'टक' असा आवाज आला का पाहा. मग केबलचा माग घ्या: सोफ्याखाली दबली, दारात चिमटली, खिळ्याने घट्ट आवळली आहे का? घरात वापरायच्या जी.६५७ए२ प्रकारच्या फायबरलाही वळण ७.५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तीव्र चालत नाही. जुन्या जी.६५२डी ला ३० मिलिमीटर लागतात. उंदीरही बघा, ते ड्रॉप केबल आवडीने कुरतडतात.

शेजाऱ्यांना विचारा. त्यांचेही बंद असेल तर दोष स्प्लिटरच्या (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) मागे आहे आणि तक्रारीत तसे सांगितले की चुकीच्या ठिकाणी माणूस येत नाही. कनेक्टर काढून त्यात डोकावू नका. हा प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही. तुटलेल्या काचेचा तुकडा बोटात गेला तर सापडतही नाही.

११. लाइनमन म्हणाला 'पॉवर उणे २६ आहे'. हे चांगलं की वाईट?

काठावरचे आहे. जीपॉनच्या (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याचे तंत्र) नेहमीच्या बी+ प्रकारात ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) दिसते, म्हणजे सुमारे दोन मायक्रोवॅट. उणे ८ पेक्षा जास्त प्रकाशही चालत नाही, रिसीव्हर दिपतो. उणे १५ ते उणे २४ ही निर्धास्त पट्टी.

हिशेब असा मांडतात. एक्स्चेंजमधली ओएलटी +३ डीबीएम सोडते असे धरू. ६ किलोमीटर फायबरला किलोमीटरला ०.३५ प्रमाणे २.१ डीबी. १:८ स्प्लिटरला १०.५ आणि त्यापुढच्या १:४ ला ७.२. सहा स्प्लाइसला (फायबरच्या वितळवून मारलेल्या जोडांना) ०.१ प्रमाणे ०.६, चार कनेक्टरना ०.३ प्रमाणे १.२. एकूण घट २१.६, म्हणजे घरी उणे १८.६ यायला हवे. तिथे उणे २६ येत असेल तर ७ डीबी कुठेतरी वाया जात आहेत: मळका कनेक्टर, तीव्र वळण किंवा हाताने बसवलेला खराब फास्ट कनेक्टर. 'चालतंय ना' म्हणून ते सोडू देऊ नका. कनेक्टर साफ करून, गरज पडली तर स्प्लाइसिंग मशीनने नवा जोड मारून मीटर पुन्हा लावायला सांगा.

हिरवा कनेक्टर निळ्यात घुसवणे हे याच दोषाचे एक नेहमीचे कारण. हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे जवळजवळ सपाट. ते यांत्रिकरीत्या बसतात, पण मध्ये फट राहते.

१२. पूर्ण फायबर आहे, तरी रात्री नऊला स्पीड पडतो. मग तांब्याला दोष का द्यायचा?

इथे तांब्याचा दोष नाही. जीपॉनमध्ये खाली येणारे २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणारे १.२४४ जीबीपीएस एका पोर्टवरच्या ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड केले तर प्रत्येकाला साधारण ७७ एमबीपीएस. असे क्वचित घडते, म्हणून संध्याकाळची घसरण बहुतेकदा त्याच्याही मागे, कंपनीने पुढे घेतलेल्या बँडविड्थमध्ये असते. एक्सजीएस-पॉन आले की दोन्ही दिशांना जवळपास १० जीबीपीएस मिळतात, आणि त्यासाठी जमिनीतले फायबर बदलावे लागत नाही. फक्त दोन टोकांची उपकरणे बदलतात, कारण ते वेगळ्या तरंगलांबीवर चालते. काच एकदा टाकली की तिची क्षमता पुढच्या पिढीलाही पुरते, हा तांब्यापेक्षा तिचा सर्वांत मोठा फायदा.

तपासणी मात्र लॅन केबलने लॅपटॉप जोडूनच करा. वाय-फायवर केलेली तपासणी ग्राह्य धरू नका.

१३. लाइट गेली की जुना लँडलाइन चालायचा. फायबरवरचा फोन का बंद पडतो?

जुन्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून तांब्यावरूनच ४८ व्होल्ट मिळत. काच वीज नेत नाही. ओएनटीला घरची वीज लागते, बहुतेक १२ व्होल्टची. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, पण अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा आणि पिनची जाडी आधी जुळवा. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना लागेल. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

१४. गावात भारतनेटचं फायबर आलंय. मग माझ्या घरी का नाही?

भारतनेट ही गावोगाव फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना. ती ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली तेव्हा तिचे लक्ष्य ग्रामपंचायत होते, घर नव्हते. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्याने केले. ग्रामपंचायत कार्यालयात ओएनटी बसली तरी तिथून वाडी-वस्तीपर्यंतचा टप्पा स्थानिक केबलवाल्याने किंवा सेवा देणाऱ्या कंपनीने जोडावा लागतो. पूर्वीची बरीच जोडणी एकेरी होती, त्यामुळे रस्त्याच्या कामात एका ठिकाणी केबल तुटली की पुढची गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत रिंग पद्धतीची जोडणी आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूने मार्ग उरतो.

ग्रामसभेत मागणी करताना 'इंटरनेट द्या' एवढेच लिहू नका. पंचायतीतली ओएनटी चालू आहे का, तिला बॅटरी आहे का, आणि तिथून वस्तीपर्यंत किती खांब आहेत, हे लिहून द्या.

१५. सोसायटीचं वायरिंग नव्याने करायचं आहे. काय मागावं?

विजेच्या डक्टपासून वेगळा उभा पाइप, प्रत्येक मजल्यावर फायबरची पेटी, प्रत्येक फ्लॅटला किमान दोन कोर (काचेच्या तारा), आणि खेचतार घातलेला एक रिकामा पाइप. एकाच कंपनीला सगळा डक्ट देणारा करार करू नका, नंतर बदलायला जागाच उरत नाही. इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणले आहेत, बिल्डरशी बोलताना त्यांचा उल्लेख करा.

१६. मुलगी मेलबर्नला आहे. तिथेही तांब्याची तक्रार असते, हे खरं का?

हो. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएनची (तिथले सरकारी राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळे) मूळ योजना ९३ टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेण्याची होती. २०१३ मध्ये सरकार बदलले आणि खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी कॅबिनेटपासून पुढे जुनी तारच ठेवली. २०२० मध्ये त्यातल्याच अनेक घरांना फायबर देण्याचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. घर भाड्याने घेण्याआधी तिने पत्ता एनबीएनच्या संकेतस्थळावर टाकून तंत्र पाहावे. एफटीटीएन असेल तर मोठा प्लॅन घेण्यात अर्थ नाही (कारण प्रश्न ४ मध्ये).

१७. घरापासून ४०० मीटरवर गोठा आहे. तिथे लॅन केबल ओढून मध्ये स्विच लावले तर चालेल का?

दर ९० मीटरला एक, असे चार स्विच लागतील आणि प्रत्येकाला शेतात वीज. वळिवाच्या एका कडाक्यात सगळे जातील. त्याऐवजी एक कोरची बाहेरच्या वापराची फायबर केबल आणि मीडिया कन्व्हर्टरची (लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे डबे) जोडी घ्या. जोडी 'ए' आणि 'बी' अशीच हवी: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर घेतो, दुसरा उलट. दोन्ही 'ए' आले तर लिंकचा दिवा लागणारच नाही. २० किलोमीटरवाला प्रकार पुरतो. ८० किलोमीटरवाला एवढ्या कमी अंतरावर रिसीव्हर बिघडवू शकतो. केबल पुरताना पाइपातून न्या, नांगराच्या फाळाखाली जाईल एवढी खोल ठेवा, आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी पाच-सहा मीटरचे वेटोळे शिल्लक सोडा. जोड पुन्हा मारायची वेळ आली की ते लागते.